तिळाएवढे अस्वल

सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी आता अमेरिकेत नोकरी करतो. गेल्या उन्हाळ्यात तो तेथील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान पाहायला गेला होता. तेथून त्याने मला मोबाइलवर एक छायाचित्र पाठवले. विस्तीर्ण गवताळ मैदान, मागे डोंगरांची रांग, वर ढग. चित्राखाली त्याने लिहिले होते, "सर, ग्रिझली अस्वल दिसले! पण फोटो फसला. मधोमध जो तपकिरी ठिपका आहे, तेच ते अस्वल. रेंजरने आम्हाला रस्त्याच्या पुढे जाऊच दिले नाही."

मी चष्मा पुसून पाहिले. ठिपका खरोखरच तिळाएवढा होता. मी त्याला उत्तर पाठवले, "फोटो मुळीच फसलेला नाही. मी परीक्षक असतो तर दहापैकी नऊ गुण दिले असते. एक गुण कापला तो दुर्बीण न नेल्याबद्दल." सर थट्टा करीत आहेत, असे त्याला वाटले. पण ती थट्टा नव्हती.

माझे मत थोडक्यात असे आहे. रानातल्या अस्वलाचे छायाचित्र किती मोठे आले, यावर त्याची प्रत ठरवू नये. ते किती अंतरावरून घेतले आणि ते घेताना अस्वलाने हातातले काम थांबवले की नाही, यावर ती ठरवावी. हे मत दयेपोटी बनलेले नाही. भौतिकशास्त्र शिकवता शिकवता ते बनले आहे. कसे, ते आता पाहू.

ग्रिझली म्हणजे कोण?

आपल्याकडे मेळघाटात किंवा ताडोबात दिसणारे अस्वल काळे, लांब केसांचे, वाळवी आणि मध यांवर ताव मारणारे. ग्रिझली त्याचा दूरचा भाऊबंद. उत्तर अमेरिकेच्या अंतर्भागातील तपकिरी अस्वलांना हे नाव आहे. खांद्यावर स्नायूंचा उंचवटा, बशीसारखा खोलगट चेहरा आणि जमीन उकरण्यासाठी लांब नखे, या त्याच्या खुणा. यलोस्टोनमधील पूर्ण वाढलेल्या नराचे वजन तीनशे किलोग्रॅमपर्यंत जाऊ शकते. मादी त्यापेक्षा बरीच लहान असते. चार पायांवर उभे असता त्याची खांद्यापर्यंतची उंची सुमारे एक मीटर भरते आणि लांबी दोन मीटरच्या आसपास. ही दोन मीटर लांबी लक्षात ठेवा. पुढच्या गणितात ती लागणार आहे.

यलोस्टोनची स्थापना १८७२ साली झाली. हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाते. तेथील आजचा नियम सोपा आहे. अस्वल आणि लांडगा यांच्यापासून किमान १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर दूर राहायचे. गवा, एल्क वगैरे इतर मोठ्या प्राण्यांपासून किमान २५ यार्ड, म्हणजे २३ मीटर. छायाचित्रकारालाही यातून सूट नाही. माझ्या विद्यार्थ्याला रेंजरने अडवले ते याच नियमाने.

भिंगाचे गणित

आता दहावीच्या पुस्तकातील भिंग आठवा. वस्तू भिंगापासून खूप दूर असेल तर तिची प्रतिमा जवळजवळ नाभीवरच पडते. अशा वेळी प्रतिमेचा आकार काढायला एकच सूत्र पुरते. भिंगाचे नाभीय अंतर आणि वस्तूची लांबी यांचा गुणाकार करा आणि त्याला वस्तूच्या अंतराने भागा.

समजा, अस्वल २ मीटर लांब आहे, आपल्याकडे आडवे उभे आहे आणि ९१ मीटर दूर आहे. साध्या कॅमेऱ्याच्या ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगातून त्याची प्रतिमा पडेल जेमतेम १.१ मिलिमीटर. फिल्मची, किंवा आजच्या मोठ्या कॅमेऱ्यातील संवेदकाची, रुंदी ३६ मिलिमीटर असते. त्यात हे अस्वल एखाद्या मुंगीसारखे दिसेल. आता ५०० मिलिमीटरचे भिंग लावा. प्रतिमा दहापट, म्हणजे ११ मिलिमीटर होईल. चौकटीचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग अस्वलाने व्यापला! पाय जागचा हललेला नाही आणि चित्र मात्र मोठे झाले.

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे खरे नाभीय अंतर सुमारे ६ मिलिमीटर असते. त्यात याच अस्वलाची प्रतिमा पडते ०.१३ मिलिमीटर. संवेदकाची रुंदी साधारण साडेनऊ मिलिमीटर धरली आणि आडव्या ओळीत ४,००० प्रकाशबिंदू धरले, तर अस्वलाच्या वाट्याला नाकापासून शेपटापर्यंत फक्त पंचावन्न बिंदू येतात. पंधरा सेंटिमीटर रुंदीच्या छापील चित्रात ते दोन मिलिमीटर भरेल. झाला तीळ!

मग पडद्यावर दोन बोटे फाकवून चित्र मोठे केले तर? त्याने काही साधत नाही. पंचावन्न बिंदूंचे ते पंचावन्नच राहतात, फक्त प्रत्येक बिंदू फुगतो. जी माहिती प्रकाशाने आणलीच नाही, ती पडदा कोठून आणणार?

आता मुख्य प्रश्न. मोबाइलमधील अस्वलही चौकटीचा एक-तृतीयांश भाग व्यापील असे हवे असेल, तर किती जवळ जावे लागेल? तेच सूत्र उलटे वापरा. उत्तर येते चार मीटरपेक्षाही कमी. चार मीटर म्हणजे तुमच्या वर्गातील फळ्यापासून तिसऱ्या बाकापर्यंतचे अंतर. हातात मोबाइल घेऊन "जरा मोठा फोटो यावा" म्हणून पुढे सरकणाऱ्या माणसाला हे गणित ठाऊक नसते. प्रत्येक पावलाला अस्वल थोडेसेच मोठे होते, समाधान होत नाही आणि पाय पुढे पडत राहतात.

अस्वलाचे गणित

आता तेच अंतर अस्वलाच्या बाजूने पाहू. ग्रिझली थोड्या अंतरासाठी ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगाने धावू शकते. म्हणजे सेकंदाला साडेपंधरा मीटर. उसेन बोल्टने २००९ साली शंभर मीटरची शर्यत ९.५८ सेकंदांत जिंकली, तेव्हा त्याचा सरासरी वेग सेकंदाला साडेदहा मीटरच्या आत होता. तेव्हा पळून जाण्याचा विचार सोडून द्या. पळणे तर तज्ज्ञ चुकूनही करू नका म्हणून सांगतात, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणे ही प्राण्याची सहजवृत्ती असते.

९१ मीटर अंतर अस्वल सुमारे सहा सेकंदांत कापील. ३० मीटर दोन सेकंदांत. आणि मोबाइलवाल्याचे चार मीटर पाव सेकंदात. कॅमेऱ्यात डोळा घातलेल्या माणसाला काय घडते आहे ते समजायलाच सेकंदभर लागतो. तिकडचे लोक अस्वलाच्या प्रदेशात मिरचीच्या अर्काचा फवारा कमरेला बाळगतात. तो काढून, त्याची खीळ ओढून दाबायलाही दोन-तीन सेकंद हवेत. शंभर यार्डांचा नियम म्हणजे हे सहा सेकंद विकत घेणे होय.

हे सारे कागदावरचे आहे, असे समजू नका. ऑगस्ट २०१२ मध्ये अलास्कातील डेनाली राष्ट्रीय उद्यानात एकटा पदभ्रमण करणारा एक प्रवासी ग्रिझलीच्या हल्ल्यात ठार झाला. अस्वलाने माणसाचा बळी घेण्याची त्या उद्यानाच्या इतिहासातील ती पहिलीच घटना होती. नंतर त्याचा कॅमेरा सापडला. शंभर यार्डांच्या आत असलेल्या त्या अस्वलाची छायाचित्रे तो सात-आठ मिनिटे घेत राहिला होता. चित्रांत अस्वल शांतपणे झुडपांत चरताना दिसत होते. त्या वेळी तेथील नियम पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर अंतर राखण्याचा होता. पुढे त्या अस्वलालाही गोळी घालण्यात आली. सात-आठ मिनिटे "काही होत नाही" याचा अर्थ पुढच्या मिनिटालाही काही होणार नाही, असा होत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे कायमचे ध्यानात ठेवावे.

मे २०२१ मध्ये यलोस्टोनमध्ये रस्त्याच्या कडेला पिलांसह एक ग्रिझली मादी दिसली. इतर प्रवासी मागे हटून मोटारींत बसले. एक बाई मात्र छायाचित्र घेत उभी राहिली. मादीने तिच्या रोखाने धाव घेतली आणि शेवटच्या क्षणी ती वळली. बाई वाचली, पण न्यायालयाने तिला चार दिवसांची कैद, दंड आणि एक वर्ष उद्यानात येण्यास बंदी अशी शिक्षा दिली. काहींना ही शिक्षा कडक वाटली. मला ती तशी वाटत नाही. मादीने वळण्याऐवजी एक पाऊल पुढे टाकले असते, तर शिक्षा कोणाला झाली असती? बाईला जखमा आणि मादीला बहुधा मृत्यू. शिवाय पिलांवर दया करायला तेथे न्यायालय नव्हते.

थंड तापमापीचा दाखला

सुरक्षिततेचा मुद्दा कोणालाही पटतो. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा वेगळाच आहे.

तुमच्या प्रयोगशाळेत एक सोपा प्रयोग करून पाहा. एका परीक्षानळीत चमचाभर गरम पाणी घ्या आणि त्यात थंड, जाड तापमापी बुडवा. तापमापी जे तापमान दाखवील ते पाण्याचे मूळ तापमान नसते. तापमापीने पाण्यातली उष्णता घेतली आणि जे मोजायचे होते तेच बदलून टाकले. म्हणून चांगल्या मोजमापाचा पहिला नियम असा की, उपकरणाने मोजायच्या गोष्टीला शक्य तितका कमी धक्का लावावा. व्होल्टमापीचा रोध मोठा ठेवतात तोही याचसाठी.

कॅमेरा हेही एक उपकरण आहे आणि ते हातात धरणारा माणूस हा त्या उपकरणाचाच भाग आहे. वीस मीटरवरून घेतलेल्या छायाचित्रात अस्वल मान वर करून, कान टवकारून थेट आपल्याकडे पाहत असते. लोक म्हणतात, "वा! काय नजर आहे!" पण मित्रांनो, ते रानातल्या अस्वलाचे चित्र नव्हे. माणसाने व्यत्यय आणलेल्या अस्वलाचे ते चित्र आहे. ते थंड तापमापीचे वाचन आहे. उलट माझ्या विद्यार्थ्याच्या तिळाने मान वर केलेली नव्हती. ते आपले मुळे उकरीत होते. ते वाचन बारीक होते, पण खरे होते.

शिवाय या व्यत्ययाची किंमत अस्वल मोजते. ग्रिझली वर्षातील सुमारे पाच महिने गुहेत झोपून काढते. त्या काळात ते खात नाही, पीत नाही. मादी तर त्याच गुहेत भर हिवाळ्यात पिलांना जन्म देते आणि अंगावरच्या चरबीवर त्यांना दूध पाजते. म्हणजे उन्हाळा आणि शरद ऋतू मिळून जी बचत होईल, तीवर पुढचे पाच महिने काढायचे. यलोस्टोनच्या परिसरात उंच डोंगरांच्या दगडगोट्यांत उन्हाळ्यात एका जातीचे पतंग लाखोंनी येतात. एक ग्रिझली दिवसाला चाळीस हजारांपर्यंत पतंग खाते, असा संशोधकांचा अंदाज आहे. ज्या प्राण्याला एकेक पतंग वेचून हिवाळ्याची शिदोरी बांधायची आहे, त्याला दिवसातून दहा वेळा जेवणावरून उठवणे म्हणजे काय, हे घरी परीक्षेच्या दिवसांत जेवताना ज्यांना पाहुण्यांनी उठवले आहे त्यांना सांगायला नको.

अल्बममधील जुनी चित्रे

अगदी जवळून घेतलेल्या अस्वलांच्या छायाचित्रांचा एक सुवर्णकाळ यलोस्टोनने पाहिला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील हॉटेलांचा खरकटा कचरा उघड्या खड्ड्यांत टाकीत. तो खायला ग्रिझली जमत आणि ते पाहायला प्रवाशांसाठी बाके मांडलेली असत. काळी अस्वले रस्त्यावर येऊन मोटारींच्या खिडकीत तोंड घालून खाऊ मागत. त्या काळातील कित्येक कुटुंबांच्या अल्बममध्ये अशी चित्रे आहेत. अस्वल मोठे, स्पष्ट, चौकट भरून!

त्या चित्रांचा हिशेब उद्यानाच्या नोंदींत आहे. १९३१ ते १९६९ या काळात यलोस्टोनमध्ये दोन्ही जातींची अस्वले मिळून दरवर्षी सरासरी ४८ माणसांना जखमी करीत. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या जुळ्या भावांनी १९५९ पासून तेथील ग्रिझलींचा अभ्यास केला. १९६१ साली त्यांनी ग्रिझलीच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून तिचा माग काढण्याचे तंत्र प्रथम वापरले. कचऱ्याचे खड्डे एकदम बंद करावेत की हळूहळू, यावरून त्यांचा उद्यानाच्या अधिकाऱ्यांशी तीव्र वाद झाला. १९७० च्या सुमारास खड्डे बंद झाले. माणसांच्या अन्नाला चटावलेली अस्वले मग तळांवर येऊ लागली आणि त्यांतली कित्येक मारली गेली. १९७५ साली अलास्का वगळता अमेरिकेतील ग्रिझलींना कायद्याचे संरक्षण मिळाले. त्या वेळी यलोस्टोन आणि भोवतालच्या प्रदेशात त्यांची संख्या अंदाजे १३६ उरली होती.

आज त्याच प्रदेशात ती सुमारे हजारापर्यंत पोचली आहे. आणि उद्यानात अस्वलांकडून होणाऱ्या माणसांच्या जखमा वर्षाला सरासरी एकावर आल्या आहेत. अस्वले वाढली आणि अपघात घटले! यात जादू नाही. कचरा बंद झाला, खाऊ घालणे बंद झाले, अस्वलाला उघडता येणार नाहीत अशा कचराकुंड्या आल्या आणि माणूस शंभर यार्ड मागे सरला. छायाचित्रातील अस्वल तिळाएवढे झाले, तेव्हा रानातील अस्वल वाचले.

दुसरी बाजू

माझ्या मताविरुद्ध दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. दोन्ही वजनदार आहेत. म्हणून ते टाळून पुढे जाणे बरे नव्हे.

पहिला आक्षेप असा की, जवळून घेतलेल्या चित्रांमुळेच लोकांना अस्वलांविषयी प्रेम वाटू लागते. याचे उदाहरण म्हणून ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानातील '३९९' या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या मादीकडे बोट दाखवतात. १९९६ साली जन्मलेली ही ग्रिझली रस्त्यालगत वावरे. २०२० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिने एकदम चार पिले आणली, तेव्हा तिला पाहायला दूरदूरहून माणसे आली. जगात सर्वांत जास्त छायाचित्रे निघालेली ग्रिझली, अशी तिची ख्याती होती. तिच्यामुळे हजारो लोक अस्वलांच्या बाजूने बोलू लागले, हे मला मान्य आहे. पण तिची सर्वोत्तम चित्रेही लांब नाभीय अंतराच्या भिंगांनी, रस्त्यावरून आणि स्वयंसेवक व रेंजर यांनी आखून दिलेल्या अंतरावरूनच निघाली. प्रेम उपजायला चार मीटरची गरज पडली नाही. आणि हेही विसरू नये की, २०१६ साली तिचे एक पिलू आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ती स्वतः मोटारीच्या धडकेने मेली. यात छायाचित्रकारांचा दोष होता असे मी म्हणत नाही. पण रस्ता आणि माणूस यांची सवय होणे हे रानटी प्राण्याच्या हिताचेच असते, असेही कोणी म्हणू नये.

कोणी म्हणेल, अलास्कातील कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स धबधब्यापाशी तर माणसे अस्वलांच्या याहून बरीच जवळ असतात. खरे आहे. उडी मारणारे सामन मासे पकडणारी तेथील तपकिरी अस्वले जगप्रसिद्ध आहेत. पण तेथे माणसे उंच मचाणांवर, ठरलेल्या जागी उभी असतात. अस्वलाला ठाऊक असते की, माणूस येथे असतो आणि येथून हलत नाही. ज्याला धबधबा नको असेल ते अस्वल दूर राहते. म्हणजे अंतराच्या आकड्याइतकेच महत्त्व आहे ते माणसाचे वागणे आधी कळण्याला. पुढे पुढे सरकणारा छायाचित्रकार नेमके हेच बिघडवतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. "सर, पाचशे मिलिमीटरचे भिंग लाखांच्या घरात जाते. मग चांगली चित्रे श्रीमंतांनीच काढायची काय?" हा प्रश्न मला माझ्याच वर्गात विचारला गेला आणि तो रास्त आहे. भिंग महाग का, हेही भौतिकशास्त्रच सांगते. नाभीय अंतर वाढवले आणि प्रतिमेचा उजेड तेवढाच ठेवायचा म्हटले की, भिंगाचा व्यासही त्याच प्रमाणात वाढवावा लागतो. ५०० मिलिमीटरच्या चांगल्या भिंगाचा व्यास वाटीएवढा असतो आणि एवढी मोठी, निर्दोष काच घडवणे सोपे नाही.

पण उपाय आहे. साधी आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण घ्या आणि तिच्या नेत्रिकेला मोबाइलचे भिंग नीट टेकवा. दुर्बीण दृश्यकोन आठपट करते. म्हणून पंचावन्न बिंदूंचे अस्वल सुमारे चारशे चाळीस बिंदूंचे होते. हात मात्र स्थिर हवा, कारण दुर्बीण हाताची थरथरही आठपट करते. कोपरे भिंतीवर किंवा मोटारीच्या टपावर टेकवा. सकाळची वेळ साधा, कारण दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा लवलवते आणि दूरचे चित्र पुसट होते. माझ्या विद्यार्थ्याचा कापलेला एक गुण हाच. आणि दुर्बीणही नसेल, तर तीळ आहेच! गवत, डोंगर, ढग यांच्यासह असलेला तीळ. अस्वल केवढ्या मोठ्या जगात राहते, हे चौकट भरून टाकणारे चित्र कधीच सांगणार नाही.

माझी एक सूचना

शेवटी एक सूचना करतो. ती शिक्षकांसाठी आहे, छायाचित्रस्पर्धा भरवणाऱ्यांसाठी आहे आणि मासिकांच्या संपादकांसाठीही आहे. प्राण्याच्या प्रत्येक छायाचित्राखाली दोन आकडे छापावेत. एक, भिंगाचे नाभीय अंतर. दुसरा, प्राण्यापासूनचे अंतर. आणि शक्य तर एक वाक्य, "प्राणी त्या वेळी काय करीत होता?" आकड्यांशिवाय चित्र फसवते. लांब नाभीय अंतराच्या भिंगाने तीनशे मीटरवरून चित्र घेतले आणि चौकटीत एक माणूस व त्याच्या मागे ९१ मीटरवर अस्वल असेल, तर अस्वल त्याच्या खऱ्या मापापेक्षा पाव हिश्शाइतकेच लहान दिसते. पाहणाऱ्याला वाटते, अस्वल त्याच्या पाठीशीच उभे आहे. मग तो म्हणतो, "तो माणूस एवढा जवळ जाऊ शकतो, तर मी का नाही?" चित्राखालचा एक आकडा हा गैरसमज दूर करील.

ही गोष्ट अमेरिकेपुरती नाही. ताडोबात वाघाभोवती गाड्यांची गर्दी होते. परसातील घरट्यावर मोबाइल नेला की शिंजीर पक्षी उडून जातो. सूत्र तेच लागू पडते. प्रतिमा मोठी करण्याचे दोन मार्ग आहेत, वरची संख्या वाढवा किंवा खालची कमी करा. भिंग वाढवले तर खर्च आपला. अंतर कमी केले तर खर्च प्राण्याचा.

आता तुमच्यासाठी एक गृहपाठ. अस्वल पुरेसे दूर आहे की नाही हे पाहायला हात लांब करून अंगठा धरावा, तो प्राण्याला झाकत असेल तर ठीक, असे पर्यटकांना सांगतात. हे तपासू. अंगठ्याची रुंदी २ सेंटिमीटर आणि डोळ्यापासून त्याचे अंतर ६० सेंटिमीटर धरा. गुणोत्तर झाले तिसास एक. म्हणजे दोन मीटर लांबीचे आडवे अस्वल साठ मीटरवरच अंगठ्याआड जाते! ९१ मीटर व्हायला हवे असतील तर साधारण १.३ सेंटिमीटर रुंदीने ते झाकले गेले पाहिजे. बहुतेकांची करंगळी साधारण एवढी असते. तेव्हा आपण अंगठ्याऐवजी करंगळी वापरू. स्वतःच्या हाताची मापे घ्या, रस्त्याच्या कडेला आडवी उभी असलेली गाय गाठा (तीही साधारण दोन मीटर भरते) आणि तिच्यापासून मागे मागे जात ती करंगळीआड कधी लपते ते पाहा. मग पावलांनी अंतर मोजा.

तेवढ्या अंतरावरून मोबाइलने गाईचे एक चित्र घ्या. ते तिळाएवढे येईल. ते वहीत चिकटवा, खाली दोन आकडे लिहा आणि गाय काय करीत होती तेही लिहा. "रवंथ करीत होती, मान वर केली नाही", असे लिहिता आले, तर तुमचा प्रयोग साधला.